अलका आणि तिचं 'आमचं' गाव

जयंतचा फोन आला तेव्हा मी स्कारबरोच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडत होते. "अलका गेली गं," एवढंच तो म्हणाला. आजारपण ठाऊक होतं... आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "जवळ कोण होतं?" "मी आणि डोरीन." डोरीन म्हणजे त्यांची म्हातारी शेजारीण. महिना होत आला, पण आजही सांगते, रडू नंतर आलं. आधी पोटात दुखलं.

पुण्याहून आम्ही दोघी एकदमच इकडे शिकायला आलो, एकाच भाड्याच्या बेसमेंटमध्ये राहिलो. मग तिला पार दूर सस्कॅचेवानमधल्या एका चिमुकल्या गावात फार्मसिस्टची नोकरी लागली. "दोन विंटर काढते, कायम राहायचं पीआर मिळालं की परत," म्हणाली होती. कसली येतेय! लग्न झाल्यावर जयंतलाही तिने तिकडेच ओढलं. मी गेले की बाईसाहेब गाडीतून गाव दाखवायच्या. धान्याचं उंच लाकडी कोठार, कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं रिकामं चर्च, लांबूनच पांढरं दिसणारं खाऱ्या पाण्याचं तळं. सगळं 'आमचं'. समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम! "ओळखतेस सगळ्यांना?" "नाही गं, इथे करतातच." मी फणकारले, "पर्वतीला कधी आमची म्हणाली नाहीस ती!" तिने पुढच्या ट्रकलाही बोट उचललं... मला त्या तळ्याचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

अंत्यविधीनंतर गावच्या हॉलमध्ये बायकांनी घरून जेवण आणलं होतं. सँडविचेस, लोणची, केक... आणि डोरीनच्या हातात साबुदाण्याची खिचडी. "अलकाज रेसिपी," ती डोळे पुसत म्हणाली. अलकाची? बेसमेंटमध्ये तिला मी शिकवलेली, माझ्या आईची, काकडी घालून केलेली खिचडी! अगदी ओठांवर आलं होतं. खिचडीचा पार गोळा झाला होता, पण काकडी होती, दाण्याचं कूटही होतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. "समथिंग मिसिंग?"

लिंबू नव्हतं. अलका ते पिळायला कायम विसरायची, तिच्या ताटलीत मीच पिळायचे.

"नो, इट्स परफेक्ट," मी म्हटलं. लिंबाचं तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही.