माहेरचा वाणवळा आणि गाडीचा तोल

सापगाव सोडलं तेव्हा आई पुढच्या सीटवर बसून सारखी मागे वळून बघत होती. आमच्या जीपच्या मागे एक लहानसं पांढरं घर दोन चाकांवर मुकाट येत होतं.

"येतंय ना रे ते?" तिने विचारलं.

"येतंय. त्याला दुसरीकडे जाता येत नाही."

हे घर म्हणजे माझ्या कचेरीतल्या एका हौशी मित्राची कॅरॅव्हॅन. आत एक पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि खुर्चीसारखा बसायचा संडास. त्या संडासासाठीच मी ती मागून आणली होती. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईला खाली बसता येत नाही. डोळखांबच्या पुढे डोंगरात तिचं माहेर आहे. तिथे मामाच्या घराला उंच ओटा आहे आणि बाकी सोय घरापासून लांब. त्यामुळे गेली काही वर्षं माहेरचं नाव निघालं की ती "बघू पुढं" म्हणायची आणि विषय बदलायची. यंदा भात झोडून झाल्यावर मामाचा फोन आला. आई फोनवर हसली, पण फोन ठेवल्यावर खुब्यावर हात चोळत बसली. मी दुसऱ्याच दिवशी मित्राकडे गेलो.

मित्राने गाडी देताना मला तिच्यापुढे उभं करून शिकवणी घेतली. जीपच्या मागे लोखंडी गोळा असतो, कॅरॅव्हॅनचं नाक त्याच्यावर बसतं. "भरलेल्या गाडीचं जेवढं वजन, त्याचा साधारण दहावा भाग या गोळ्यावर आला पाहिजे," तो म्हणाला. "कमी आला तर गाडी मागे शेपटीसारखी डोलायला लागते. जास्त आला तर जीप मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. जड सामान चाकांच्या वर ठेव. डोललीच तर ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय काढ." पुढे पलंगाखाली पाण्याची टाकी होती. ती काठोकाठ भरून आम्ही वजन बरोबर जमवलं, ऐंशी किलोच्या आसपास.

आईला पलंगावर आडवं होऊन यायचं होतं. "आत एवढी गादी आणि मी इथं ताठ बसू?" चालत्या गाडीत मागे कुणी बसायचं नाही, हे तिला पटवता पटवता किन्हवली आली. तिथे चहा घेतला. चहावाल्याने कॅरॅव्हॅनभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आत कोन हाय?"

"कोणी नाही. आम्ही दोघंच."

"मग एवढं घर रिकामं घेऊन कुटं चाललाव?"

"माझ्या मायेरी," आई म्हणाली, आणि चहावाल्याला ते उत्तर पुरलं.

डोळखांब मागे टाकलं की रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना साग, मोकळी झालेली भाताची खाचरं, त्यात गुरं. मोठ्या उताराची आणि चढाची वळणं मी जपून घेतली. जीपला ओढ जाणवत होती, पण मागचं घर शहाण्यासारखं वागलं. पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) पोचलो तेव्हा खळ्यावर मंडळी जमलेलीच होती. मामाने आधी आईला हात देऊन उतरवलं, मग कॅरॅव्हॅनकडे बघितलं.

"काय गो ताई, मायेरी येताना सोताचं घर घेऊन आलीस? आमचं पुरलं नाय तुला?"

सगळे हसले, पण मामी हसली नाही. जेवायला खळ्यावरच तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट होती. आई खुर्चीवर आणि बाकी सगळे जमिनीवर, असं पहिल्यांदाच घडत होतं. मामीने वाढता वाढता मला ऐकवलं, "तुझी आई आमच्या दारात येऊन आमच्या घरात झोपनार नाय. लोक काय म्हनतील ते तुला कसं कळनार? तू शिकलेला." मी ओट्याचं, खुब्याचं सांगत होतो. आईने मला थांबवलं.

"कमळे," ती मामीला म्हणाली, "दोन मानसांचा पलंग हाय. चल, तूच ये माझ्याकडं पाव्हनी."

मामीने नाक मुरडलं आणि आपली गोधडी काखेत घेऊन गेली. सकाळी दोघी पलंगावर पाय सोडून चहा पीत होत्या. खिडकीतून मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारून आत बोलावत होती. पुढचे दिवस ते घर तिचंच होतं. पाड्यातल्या बायका नळाची तोटी फिरवून बघायच्या, हात धुवायच्या, परत फिरवायच्या. टाकी कधी संपली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही.

मी दुपारी मामाबरोबर शेतावर जायचो. त्या खाचरांचं मी देणं लागतो. शहापूरला कॉलेजात असताना मी एका खोलीत राहायचो आणि दर हंगामाला मामा एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं पाठवायचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतलेली नव्हती, त्यामुळे शिकणाऱ्याला किती तांदूळ लागतो याचा अंदाज कुणालाच नव्हता. मामा भरपूर पाठवायचा. शेजारच्या खोलीतली मुलंही त्यावर जेवली. मी एकदा आभार मानायला गेलो तर तो म्हणाला, "आबार कशाचे? तांदूळ खाल्लास ना?"

निघायच्या सकाळी वाणवळा आला. नव्या पिकातलं थोडं नातलगांना द्यायचं, तो वाणवळा. पण आईचं माहेर म्हणजे एक घर नव्हे, सगळा पाडा. प्रत्येक घरून काही ना काही आलं: नव्या तांदळाची पोती, नाचणी, वरई, वाल, कोनफळं, भले मोठे भोपळे. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाकारलं तर त्या घराशी बोलणं तुटतं. कॅरॅव्हॅनच्या मागच्या अंगाला बाकाखाली मोठा कप्पा आहे आणि त्याचं दार बाहेरून उघडतं. ते दार बघून सगळ्यांना आनंद झाला. मी एक पोतं उचलून आत पुढे नेऊ लागलो, तर एक म्हातारी आडवी आली.

"माजंच कशाला हलवतोस रे? त्यांचं ऱ्हाऊ दिलंस तिथं!"

मी पोतं परत ठेवलं. वाटलं, खाली उतरलो की सपाटीवर बघू.

पहिला उतार बरा गेला. दुसऱ्या, लांब उतारावर स्टेअरिंग हातात पोकळ वाटलं. आरशात पाहिलं तर पांढरं घर डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, पुन्हा डावीकडे, दर वेळी जरा जास्त. जीपची मागची बाजूही त्याच्याबरोबर ओढली जाऊ लागली. आईने डॅशबोर्ड धरला. उजवीकडे दरी होती. माझा पाय ब्रेककडे गेला होता. तो मी उचलला, अॅक्सिलरेटरही सोडला, आणि स्टेअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं. डोलणं एकदम थांबलं नाही. हळूहळू, नाइलाज झाल्यासारखं, ते शांत झालं. उताराच्या तळाला ओढ्यावरच्या मोरीजवळ जागा सापडली तिथे मी गाडी उभी केली.

आईने डॅशबोर्ड सोडला. मग आई म्हणाली, "उतरव सगळं. इथं ठेव. कुनी तरी नेईल."

"आई."

"ठेव म्हनते ना. माझ्या मायेरापाई तुला काय झालं तर मी काय करू?"

सकाळी प्रत्येक पोत्यावर हात फिरवून ती गाडीकडे आली होती, हे मी पाहिलं होतं. पुन्हा इथे कधी येऊ याची तिला खात्री नव्हती. मामाची तर सत्तरी उलटून गेली. हे तांदूळ मोरीवर सोडले असते, तर ती घरी नुसता खुबा घेऊन परतली असती.

"काही ठेवायचं नाही," मी म्हणालो. "जास्त झालेलं नाही. चुकीच्या जागी आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मागे. "उलाळ झाली व्हय गाडी?"

उलाळ (मागून जड होऊन पुढून उचललेली) हा शब्द मी किती वर्षांनी ऐकला! आमच्या बैलगाडीत मागे भारे जास्त झाले की जू वर उचलायचं आणि बैलांच्या गळ्याला फास बसायचा. तेव्हा वडील मला उचलून पुढे धुरेवर (गाडीच्या पुढच्या दांड्यांवर) बसवायचे. शाळेत जाण्याआधी घरात माझा उपयोग एवढाच होता, मी वजन होतो.

"हो," मी म्हणालो. "टाकी पुढे होती, ती रिकामी झाली. आणि मागे सगळा पाडा बसलाय."

आईला हसू आलं, भीतीतूनच.

मी कप्पा रिकामा केला. पोती आत नेली, काही चाकांवर, बरीचशी त्याच्याही पुढे. आता मागे काही नकोच, अशा हट्टाने मी पोती पुढे रेटत होतो. आईने भोपळा मांडीवर मागून घेतला, "निदान हा तरी माझ्या नजरेसमोर." मग सावकाश धसईला आलो. डोलणं बंद झालं होतं, पण जीप मागून खाली दबली होती आणि वळणावर स्टेअरिंग हलकं लागत होतं.

धसईच्या बाजारात भातगिरणी दिसली, तिच्या दारात पोती तोलायचा काटा. मी गिरणीवाल्याला अडचण सांगितली. सपाट जागेवर कॅरॅव्हॅनच्या चाकांना दगड लावले, नाक जीपवरून सोडवलं आणि काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर टेकवलं.

"माज्या काट्यावर गाडीचं नाक पयल्यांदाच आलं," गिरणीवाला म्हणाला. "भुसा वजा करू का?"

काट्याने एकशे चाळीसच्या वर दाखवलं. मागचं भय घालवताना मी सगळं पुढे लोटलं होतं. मी आत चढलो आणि विचारलं, "आई, कुठलं पोतं मागे घेऊ?"

ती दाराशी उभी राहून सांगू लागली. पोती सगळी सारखीच, पण तिला गाठी ओळखता येत होत्या. "ती दुहेरी गाठ कमळीची. ती घे चाकावर. काथ्याची हाय ती त्या म्हातारीची, ती पन घे, न्हाय तर बोलेल. नाचनी घे." मी एकेक सरकवून चाकांच्या वर येऊन थांबायचो, गिरणीवाला आकडा ओरडायचा. शेवटी एकच पोतं पुढे राहिलं, पलंगाजवळ.

"हे कुणाचं?"

"भावाचं. ते ऱ्हाऊ दे तिथंच."

"पंच्याऐंशी!" गिरणीवाला बाहेरून ओरडला.

मुरबाडवरून आम्ही उजेड असतानाच घरी पोचलो. वाटेत एक-दोन उतार लागले, आणि दोन्ही वेळा आई मागे न बघता समोर बघत बसली. पोती उतरवून होईपर्यंत मामाचा फोन आला. आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"पोचलाव का गो? वाटंत काय टाकलंत नाय ना?"

"नाय रे," आई म्हणाली. "जागा बदलली थोडी."

मला आजवर वाटायचं, मामाच्या तांदळाचं ओझं एके दिवशी मी उतरवून टाकेन, परतफेड करेन. त्या दिवशी त्याचं पोतं खांद्यावर घेऊन घरात नेताना तसं वाटलं नाही. ते उतरवायचं नव्हतंच. नीट जागी ठेवून पुढे न्यायचं होतं.

कॅरॅव्हॅन परत द्यायच्या आधी आईने आत एक फेरी मारली. पलंगाखाली वरईचे सांडलेले दाणे होते, ते वेचून पदरात घेतले आणि म्हणाली, "पुढच्या साली टाकी भरून ठेव येताना. न्हाय तर मला बसव पुढं, धुरेवर."