चेण्याचा परदेश

माझ्या साडूंच्या आयुष्यात कोणतीही गोष्ट पहिल्यांदा घडलेली नाही. जे घडले ते किमान दुसऱ्यांदा घडले, कारण पहिल्या खेपेला त्यांनी त्याची तालीम केलेली होती. जन्म तेवढा त्यांना तालमीविना घ्यावा लागला, आणि तो नीट पार पडला नाही असे त्यांचे प्रामाणिक मत आहे. ते पायाळू आहेत. रसायनांच्या एका कारखान्यात तीस-बत्तीस वर्षे ते सुरक्षा विभागात होते. आग लागली तर काय करायचे ते, आग लागलेली नसताना, माणसांकडून पुन्हा पुन्हा करवून घेणे हा त्यांचा पेशा. पुढे पेशा सुटला, पण गळ्यातली शिट्टी सुटली नाही आणि ती लांबट नोंदवहीही सुटली नाही. तिच्यात प्रत्येक पानावर तीन रकाने आखलेले असत: तालीम, उणीव, दुरुस्ती. उणीव राहिली तर त्याचे त्यांना वाईट वाटत नसे. माणूस आहे, चुकणारच, असे ते म्हणत. पण दुरुस्तीचा रकाना कोरा ठेवून झोपणे म्हणजे त्यांच्या लेखी गॅस चालू ठेवून झोपण्यासारखे होते.

भाईंदरच्या इंद्रलोक वसाहतीतल्या त्यांच्या इमारतीत भूकंपाची तालीम वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी अकराला होई. शिट्टी वाजली की माणसे दाढीचा अर्धा फेस, हातातले पोळीचे लाटणे, कडेवरची पोरे, असे सगळे घेऊन खाली उतरत, आणि साडू घड्याळाकडे बघत मान हलवत. चौथ्या मजल्यावरच्या गुजराती शेजाऱ्यांनी एकदा अत्यंत नम्रपणे विचारले होते, "अंकल, असली आयेगा तब भी सीटी आप ही बजाओगे, या हम खुद उतर जायें?" साडूंनी हा प्रश्न उणिवेच्या रकान्यात लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी एक जादा शिट्टी शेजाऱ्यांना नेऊन दिली.

आमच्या सईच्या जन्माच्या वेळी तर त्यांनी आमच्या केबिन रोडवरच्या घरापासून दवाखान्यापर्यंत तीन फेऱ्या केल्या. बाळंतिणीच्या जागी ताई, म्हणजे त्यांची पत्नी आणि माझ्या पत्नीची थोरली बहीण, पोटावर उशी बांधून रिक्षात बसत. दर वेळी रिक्षावाला वेगळा असे आणि दर वेळी तो घाबरून गाडी अशी हाकी की वेळेचा सगळा हिशेब कोलमडे. तिसऱ्या फेरीला दवाखान्याच्या दारात ताईंची उशी सरकून खाली पडली आणि रिक्षावाल्याने दोन्ही हात कानांवर ठेवले. प्रत्यक्ष दिवशी आम्ही दोघे नवरा-बायको भलत्याच रस्त्याने, साध्या चालीने पोहोचलो, आणि सई जन्मल्यावर अर्ध्या तासाने साडू आले. त्यांनी बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "रस्ता बदललात, साडूभाऊ," ते म्हणाले. एवढे दुखावलेले मी त्यांना पुढे कित्येक वर्षे पाहिले नाही.

त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. त्यामुळे असेल, किंवा ताईंपेक्षा वयाने नऊ वर्षे थोर असल्यामुळे असेल, स्वतःच्या मरणाची तालीम ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घेत. ते दिवाणावर डोळे मिटून पडत. ताईंनी आधी डॉक्टरांना, मग मला फोन केल्यासारखे करायचे, कपाटातून कागदपत्रे काढायची, गॅसची टाकी बंद करायची, आणि मगच रडायला बसायचे. एका तालमीला मी हजर होतो. ताईंनी कपाट उघडले तोच प्रेत म्हणाले, "निळी फाईल. हिरवी नव्हे."

"मेलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं," ताई म्हणाल्या आणि हिरवी फाईलच घेऊन बाहेर आल्या.

हे सगळे मी हसत हसत सांगत असे. आता सांगताना तसे हसू येत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी अकरा दिवसांच्या आजारात ताईच आधी गेल्या. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्यांनी साडूंना विचारले होते, "मी नसले तर तुमचं कसं होईल हो?" मी पायथ्याशी उभा होतो. साडूंनी चादरीची घडी नीट केली आणि म्हणाले, "ते यादीत नाही." सगळे उरकून घरी आलो तेव्हा जमलेल्या माणसांना चहा द्यायला हवा होता, आणि माझे साडू, ज्यांनी आपल्या बायकोला वैधव्याचे संपूर्ण शिक्षण दिले होते, ते फळीवरचा एकेक डबा उघडून साखर शोधत होते. पाचव्या डब्यात ती मिळाली. मग त्यांनी नोंदवही काढली. उणिवेच्या रकान्यात लिहिले: "क्रम चुकला." दुरुस्तीचा रकाना त्यांनी कोरा ठेवला. त्यानंतर शिट्टी खिळ्याला टांगली गेली ती सईच्या प्रवेशाचे पत्र येईपर्यंत.

सई आमची एकुलती एक. पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात पुढचे शिक्षण घेण्यासाठी तिला जर्मनीतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. होकार किंवा नकार महिन्याच्या आत कळवायचा होता. मुलगी सरळ. तिने जेवताना सांगून टाकले, "बाबा, शिकून परत येईन असं खोटं नाही सांगणार. जमलं तर तिथेच राहायचा विचार करतेय. पण तुम्हाला काय वाटतं?" माझी पत्नी म्हणाली की तिने जावे, आणि उठून भांडी घासू लागली. मी म्हणालो, "तू ठरव." महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी आयुष्यभर हळू आवाजात बोललो, तिथे मते विचारत नाहीत, पुस्तके मागतात. घरीही मला मत विचारले की मी ते शोधायला आत जातो आणि बहुधा परत येत नाही. पुढच्या आठ दिवसांत सईने मला तीनदा विचारले आणि तीनदा मी "तू ठरव" म्हणालो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "तुम्ही असं म्हणता ना, तेव्हा मला वाटतं तुम्ही खोलीतून उठून गेलात."

ही वार्ता कानी पडताच साडू आले. गळ्यात शिट्टी होती. "परदेश हा काही तोंडी विषय नाही," ते म्हणाले. "तीन आठवड्यांची तालीम घेऊ. मग ठरवा."

निवृत्तीनंतर दोघांनी राहायचे म्हणून त्यांनी आणि ताईंनी घोडबंदर रस्त्याला, चेणे गावात एक खोली घेऊन ठेवली होती. ताईंनंतर ती बंदच होती. तिला साडूंनी परदेश घोषित केले. सईने तिथे एकटीने राहायचे, स्वतः रांधायचे, आजारी पडली तर स्वतःच औषध आणायचे. भाईंदरला पाऊल टाकायचे नाही, आणि ओळखीच्या कोणी तिच्याकडे फिरकायचे नाही. घरी फोन आठवड्यातून दोनदा, तोही ठरलेल्या वेळी दहा मिनिटे. गावात कोणाशी मराठी बोलायचे नाही. सईने हे सगळे हसून मान्य केले. मागाहून तिने आईला सांगितले की, मावशी गेल्यापासून काकांनी पहिल्यांदा शिट्टी घातली होती, त्यांना नाही कसे म्हणायचे.

पहिल्या आठवड्यात साडू अधूनमधून टाय बांधून तिच्या दारावर जात. कधी ते घरमालक असत, कधी परवाना कचेरीतले कारकून. कारकून झाले की स्वतः खोलीत बसून, तिला बाहेर उभे करून, खिडकीच्या गजांतून तिची कागदपत्रे तपासत आणि "वन फोटो शॉर्ट" म्हणून खिडकी लावून घेत. सई दुसरा फोटो घेऊन येई तोवर कचेरी बंद झालेली असे. दूध घालणाऱ्या गवळ्याशी ती इंग्रजीत बोलली, तेव्हा त्याने मुलगी नेपाळची आहे असा निष्कर्ष काढला आणि तिच्याशी मोडक्या हिंदीत, फार मायेने वागू लागला.

आमच्या घरी मात्र तालीम चालू आहे याची आठवण कोणालाच राहत नव्हती. पत्नी रोज तीन ताटे मांडायची आणि एक पुन्हा फळीवर ठेवायची. आठव्या दिवशी, दात दाखवून येतो असे सांगून, मी काशिमिऱ्याहून बस धरली आणि चेण्याला उतरलो. खोलीसमोर थोड्या अंतरावर पिंपळाचा पार आहे. दुरून नुसते पाहावे आणि परतावे असा माझा बेत होता. पण पारावर, चैत्राच्या भर उन्हात, माकडटोपी घालून एक गृहस्थ वर्तमानपत्राआड बसले होते. माकडटोपीतून शिट्टीची दोरी लोंबत होती.

पाराखाली भाजी विकणाऱ्या बाईने मला पाहिले आणि ती हसली. "ह्यो बाबा त रोज येतो हाय. आज जोडीदार पन आनला काय?"

मी शेजारी बसलो. वर्तमानपत्र खाली आले नाही.

"ओळखीच्या माणसाने इथे यायचं नाही असा नियम आहे," मी म्हणालो.

"मी निरीक्षक आहे," वर्तमानपत्र म्हणाले. "तुम्ही कोण?"

समोरच्या खिडकीत सई दोरीवर कपडे वाळत घालत होती. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. ती आत गेल्यावर साडू म्हणाले की परवा संध्याकाळी ती तिथेच बसून बराच वेळ रडत होती.

"मग तुम्ही गेलात?"

"नाही. उठलो होतो. चपला पण घातल्या." त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली. "मग बसलो परत."

मग त्यांनी माकडटोपी काढून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. "तिची तालीम होतेय, साडूभाऊ. तुमची राहिली. ही सई. तिनं विचारलंय. सांगा."

मी इकडेतिकडे पाहिले. भाजीवाली भेंडी निवडत होती. "तू ठरव" असे मी टोपीला म्हणालो.

"ते नाही चालणार. दोन उत्तरं आहेत. दोन्ही म्हणून बघा."

मी "नको जाऊस" म्हणालो. ते वाक्य अगदी सहज आले, जणू ते केव्हाचे दाराशी उभे होते. मग मी "जा" म्हणायला गेलो. एका अक्षराचा शब्द. तो मला तीनदा म्हणावा लागला, आणि तिसऱ्यांदाही तो टोपीपर्यंत पोहोचला असेल असे वाटत नाही.

"जे अडतंय ते तिला सांगा," साडू म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "सोपं असतं ते आपल्यासाठी असतं. दवाखान्यात हिनं विचारलं तेव्हा मी सोपं बोललो. यादीत नाही म्हणालो. तुझ्यावाचून मला जमणार नाही, एवढं म्हणायचं होतं. तिला तेच ऐकायचं होतं, आणि मी चादर नीट करत बसलो." मग त्यांनी टोपी उचलून पुन्हा घातली. "रोज दहा वेळा म्हणा. घरी नको, बाहेर."

मी म्हणत असे. केबिन रोडच्या गर्दीत माणूस स्वतःशी काय पुटपुटतो ते कोणी ऐकत नाही. तीन आठवडे पुरे करून सई घरी आली. वाळलेली, उन्हाने काळवंडलेली, आणि भातात मीठ आपल्या आईपेक्षा बेताचे घालणारी. कळवण्याला दोन दिवस उरले होते. तिने ताट समोर ओढले आणि पाचव्यांदा विचारले.

"मला तू इथे हवी आहेस, सई," मी म्हणालो. "पण जा."

तालमीत पहिले वाक्य नव्हते. ते कुठून आले ते मला ठाऊक नाही. माझी पत्नी पातेले तसेच हातात धरून उभी राहिली. सईने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "बाबा, त्यातलं पहिलं पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हणालो. तिने मान डोलावली, जेवण संपवले, आणि हात धुऊन आल्यावर होकार पाठवला.

निरोपाचीही तालीम झाली. इंद्रलोकातल्या इमारतीच्या आवारात दोन बॅगा, हात हलवणे, वळून न पाहणे, सगळे साडूंनी करवून घेतले, आणि चौथ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. प्रत्यक्ष दिवशी मात्र साडू विमानतळावर आले नाहीत. "मी तालमीचा माणूस," एवढेच त्यांनी फोनवर सांगितले. तालमीत आमच्यापैकी कोणीही वळून पाहिले नव्हते. विमानतळावर तिघांनीही पाहिले.

पुढे दिवाळीच्या सुमारास सईचा फोन आला. थंडी, आगगाड्यांचे वक्तशीरपण, भाताची चव, असे सगळे सांगून झाले. फोटो कमी पडला नाही, असे काकांना सांगा म्हणाली.

"बाबा, काकांच्या तालमीत एक चूक होती."

"कोणती?"

"चेण्याला तुम्ही दोघं पारावर दिसायचात. काका रोज, तुम्ही एकदा. मी त्या दिवशी रडत होते ना, तेव्हा काका उठून चपला घालताना दिसले, म्हणून तर थांबले रडायची. इथेही खिडकीसमोर एक बाक आहे. मी येता-जाता बघते. कोणी नसतं."

दुसऱ्या दिवशी मी साडूंकडे गेलो आणि हे जसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. स्वतः चहा केला; साखरेचा डबा आता त्यांना न शोधता सापडतो. मग खुर्चीवर बसून नोंदवही उघडली, सईचे पान काढले आणि उणिवेच्या रकान्यात आपल्या सुबक अक्षरात लिहिले: "निरीक्षक दिसत होते."

पेन दुरुस्तीच्या रकान्यावर गेले. ते तिथे थांबले होते, तेवढ्यात चहावर साय धरली. मग साडूंनी पेनाला टोपण लावले, वही मिटली आणि म्हणाले, "चहा घ्या, मग निघू, साडूभाऊ. चेण्याची बस अकराला आहे. पारावर बसू जरा, सावली असते आता."