सातवं पाणी

वसुधाबाई गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं. अकोल्याच्या कॉलेजात, प्रयोगशाळेत, माझ्या जागेवर आता संगीता काम करते. तिचा फोन आला. "मावशी, तुमच्या बाई वारल्या ना अमरावतीले. तुमाले कोनी सांगतलं नाई?" नाही सांगितलं. कोण सांगणार? त्यांच्या नातेवाइकांना मी माहीत नाही आणि माझ्या घरच्यांना त्या माहीत नाहीत. मी फोन ठेवला, कुकर उतरवला आणि वरण घोटत बसले. रडू आलं नाही. मला लवकर येत नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

पंधरा दिवसांनी कॉलेजात शोकसभा झाली. मी रिक्षा करून गेले आणि मागे कूलरजवळ बसले. मोठेमोठे लोक बोलले. बाईंनी सारं आयुष्य टायफॉइडच्या जंतूंवर घातलं, वऱ्हाडात त्यांना कोणतं औषध लागू पडतं आणि कोणतं पडत नाही ते शोधलं, असं बोलले आणि खरंच बोलले. मग एक साहेब म्हणाले, "सुरुवातीला बाईंचं एक संशोधन चुकलं होतं, पण चूक कबूल करण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता." लोकांनी माना हलवल्या. माझा हात वर गेला होता, पण माइक पुढच्या दोन रांगांतच फिरला. भांडी धुणाऱ्या म्हातारीकडे तो कशाला येईल? म्हणून हे लिहून कॉलेजला पाठवते आहे. मी चौथी शिकलेली आहे, शुद्धलेखन तेवढं नातीनं पाहिलं. ती चूक बाईंची नव्हती. माझी होती.

मी रोजंदारीवर लागले तेव्हा बाई तिशीच्या असतील, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. वडील अमरावतीला वकील, राजापेठेत घर. सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरून यायच्या, आठवडाभर अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी परत. पुढे आई-वडील वारले, तेव्हा शनिवारचं जाणंही बंद झालं. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून काच धुवायला शिकवलं. झाकणाच्या काचेच्या बशा असायच्या, त्यात खळीसारखं काहीतरी ओतून त्यावर जंतू वाढवायचे. काम झालं की बशा आधी वाफेच्या डब्यात शिजवायच्या, म्हणजे जंतू मरतात, मग साबणाच्या पावडरीनं घासायच्या आणि सात पाण्यांनी धुवायच्या. सहा पाणी नळाचे, सातवं यंत्रातून काढलेलं शुद्ध पाणी. मी म्हटलं, "बाई, तांदूळबी आमी तीन पान्यानं धुतो." त्या म्हणाल्या, "तांदूळ शिजवून खाता तुम्ही, अनसाबाई. हे तर जिवंत राहायला पाहिजे ना." मला हसू आलं. आजवर जंतू मारायचे असतात एवढंच ऐकलं होतं. या बाई त्यांची सरबराई करत होत्या.

रोज सकाळी त्या एकेक बशी खिडकीशी धरून पाहायच्या. बशीत औषध लावलेली कागदाची गोल टिकली असायची. औषध लागू असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ रिंगण पडतं. रिंगण मोठं म्हणजे औषध चांगलं. हे मला कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून कळलं. बाईंना बोलायला माणूस नव्हतं, म्हणून बशी पाहता पाहता मोठ्यानं बोलायच्या आणि मी मोरीजवळून ऐकायची. डबा आम्ही मागच्या पायऱ्यांवर खायचो. त्या वरच्या पायरीवर, मी खालच्या. माझी ज्वारीची भाकर त्या मागून घ्यायच्या आणि त्यांची मेसची पोळी मला द्यायच्या. ती चामट असायची. मी म्हणायची, "बाई, हे तुमच्या जंतूलेच खाऊ घाला." तेव्हा तेवढ्या हसायच्या. नाही तर हसण्याचं त्यांच्या दिवसात काही नसायचं.

मग तो उन्हाळा आला. अकोल्यात पाण्याची बोंब नवी नाही, पण त्या वर्षी घरचा नळ उन्हाळाभर कोरडा होता. प्रयोगशाळेला मात्र टँकर यायचा, मोठा ड्रम भरून जायचा. शुद्ध पाण्याचं यंत्र स्वतःच फार पाणी पितं, म्हणून ते कमी चालवायचे आणि निघेल ते औषधाच्या कामाला ठेवायचे. बाईंनी मला बजावलं होतं, "सातवं नसलं तर चालवू, पण सहा सोडायचे नाहीत." मी तीनच पाण्यांनी धुवायला लागले. बशा चकचकीतच दिसायच्या. त्याच बशांवर बाईंना त्या उन्हाळ्यात रिंगणं मोठी मोठी दिसली. एक जुनं, साधं औषध टायफॉइडला पुन्हा लागू पडायला लागलं, असं त्यांना वाटलं. किती आनंद झाला होता त्यांना! गरिबाला परवडेल असं औषध होतं ते. त्यांनी लिहून पाठवलं, छापून आलं, दिल्लीकडच्या मोठ्या संस्थेतून बोलावणं आलं.

पावसाळ्यात वलगावची एक पोरगी अमरावतीच्या दवाखान्यात होती. डॉक्टरनं बाईंचं वाचून तेच औषध दिलं. ताप उतरेना. रक्त आमच्याकडे तपासायला आलं, आणि तिची आईही त्याच्यामागे आली, व्हरांड्यात डोक्याला हात लावून बसली. आता नळाला पाणी आलं होतं, मी सात पाण्यांनी धूत होते आणि टिकलीभोवती रिंगण नावालाही नव्हतं. बाईंनी फोन करून औषध बदलायला लावलं. पोरगी वाचली. पण बाईंचं जेवण सुटलं. टिकल्या तपासल्या, खळी तपासली, फ्रिज तपासला, स्वतःच्या वह्या दहादा वाचल्या. मी पाहत होते. मला कळलं होतं आणि मी गप्प होते, कारण कायम होण्याचा माझा कागद त्याच महिन्यात निघायचा होता. आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी बाई डोळे चोळत म्हणाल्या, "माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं बहुतेक." ते मला ऐकवलं नाही.

"बाई, म्या भांडे तीनच पान्यानं धुतले. उनाळाभर."

"काहून?"

"पानी नव्हतं."

"मग मले सांगता नाई आलं?"

"तुमी इचारलं नाई."

बाई वऱ्हाडी बोलल्या म्हणजे रागावल्या, हे मला माहीत होतं. त्यांनी एक बशी उचलून खिडकीशी धरली. साबणाचा अंश राहिला की जंतू अर्धमेले होतात आणि मग कोणतंही औषध शूर दिसतं, हे त्यांनी मला नाही, त्या बशीलाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं, की माझं छापलेलं संशोधन चूक आहे, मागे घ्या. त्यात लिहिलं, पाणीटंचाईमुळे काच नीट धुतली गेली नाही, ही जबाबदारी माझी. माझं, अनसाबाईचं, नाव त्यात कुठे नव्हतं. माझा कागद निघाला, मी कायम झाले. दिल्लीचं बोलावणं परत गेलं. बाई नोकरी संपेपर्यंत अकोल्यातच राहिल्या, मगच अमरावतीच्या घरी परतल्या.

त्या दिवसापासून सातवं पाणी त्यांनी स्वतःकडे घेतलं. "सहा तुमचे, सातवं माझं. चुकलं तर दोघींचं." रोज दुपारी माझ्या शेजारी मोरीपाशी उभ्या राहायच्या. मी मोठ्यानं सहापर्यंत मोजायची आणि बशी त्यांच्या हातात द्यायची. एवढी शिकलेली बाई, पण मी निवृत्त होईपर्यंत एक दुपार चुकवली नाही.

आता जे बाईंनाही सांगितलं नाही, ते. पाणी नव्हतं हे खोटं होतं. ड्रममध्ये सहा पाण्यांपुरतं पाणी होतं. उरलेल्या तीन पाण्यांचं पाणी मी रोज संध्याकाळी कॅनमध्ये भरून घरी नेत होते. घरी सासू अंथरुणावर होती, तीन लेकरं होती... पण हे कारण मी पुढे करत नाही. नेलं ते नेलं.

पुढे बाई भेटल्या की पहिलं एकच विचारायच्या, "घरी पाणी येतं का आता?" अकोल्यात सगळेच एकमेकांना हे विचारतात. त्या तसंच विचारायच्या की त्यांना ठाऊक होतं, मला अजून कळलेलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर मी सांगायचंच ठरवून राजापेठेत गेले. घराच्या पुढच्या भागात ट्यूशन क्लास भाड्यानं दिलेला, दारात पोरांच्या गाड्याच गाड्या, आतून जायला वाट नाही, म्हणून बाजूनं मागे गेले. मागच्या खोलीत बाई पडून होत्या. सांभाळायला ठेवलेली बाई बाजारात गेलेली. मला पाहून म्हणाल्या, "अनसाबाई, घरी पाणी येतं का?" मी म्हटलं, "येते. आठवड्यातून एक डाव." मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मी स्वयंपाकघरात पेला धुतला. सवयीनं मोजलं गेलं असेल मोठ्यानं, कारण आतून आवाज आला, "सहा झाले ना? आणा इकडे." त्यांनी उशाच्या तांब्यातलं पाणी पेल्यात घेतलं, फिरवलं, खाटेखालच्या पातेल्यात टाकलं, आणि मग भरून प्यायल्या. जे सांगायला गेले होते, ते तसंच घेऊन बडनेऱ्याला गाडीत बसले.

आमच्या घरात माणसं आहेत, पण ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. दुपारी मी माझा पेला धुते तेव्हा सून आतून ओरडते, "आई, एका पेल्याले किती पानी वाया घालोता?" मी मोठ्यानं मोजते. सहा झाले की हात आपोआप थांबतो, पेला शेजारी पुढे केला जातो. तिथे कोणी नसतं. मग मी तो तसाच ओट्यावर पालथा घालते.