आमच्यात सगळे गॅसनेच जातात

भोगीचा दिवस, सकाळ. हजर: मी, माझे यजमान रवींद्र, ज्यांच्या हृदयापायी हा सगळा खटाटोप झाला, आमची कन्या सई, आणि अक्कलकोटहून एसटीने आलेल्या, ऐंशी पार केलेल्या, यांच्या आत्या.

आमच्या घराण्यात हृदयविकार नाही, असं मी डॉक्टरांना लेखी दिलं होतं.

झालं असं, की यांचं कोलेस्टेरॉल पाहून डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "वडील कशाने गेले?" यांनी माझ्याकडे पाहिलं. सासरे गेले तेव्हा हे शाळेत होते. आणि येत्या उन्हाळ्यात हे त्यांच्याच वयाला पोहोचणार होते. घरात ते कोणी बोलत नव्हतं, पण भाकरी थापताना माझ्या डोक्यात तेच घोळायचं.

"घराण्यात कुणाला काय होतं ते विचारून आणा," डॉक्टर म्हणाले. "रक्तातून काय आलंय ते कळलं, की ताटातून काय काढायचं ते ठरवू. तीच शेंगाचटणी एकाला पचते, दुसऱ्याच्या नसांत जाऊन बसते."

काम नेमून दिलं की मला हुरूप येतो. मी तक्ता आखला, रंगीत पेनं काढली आणि आत्यांना फोन लावला. उगाच काळजी नको म्हणून कारण सांगितलं नाही. (पहिली चूक.)

"आत्या, मामंजी कशानं गेले हो? हार्टनं का?"

पलीकडचा आवाज एकदम गोड झाला. "कोन इचारतंय गं?"

"आहेत एक जण." (दुसरी!)

"त्यास्नी सांग, आमच्यात हार्ट-बिर्ट काय न्हाय. दादाला गॅस झालता."

"आणि धाकटे काका?"

"गॅस."

"आजोबा?"

"त्यास्नी तर लईच गॅस!"

खात्रीसाठी अक्कलकोटच्या चुलतदिरांनाही विचारलं. "वहिनी, आमी समदे ठणठणीत हाव की! बीपी? ते काय असतंय?" तेवढ्यात मागून जाऊबाईंचा आवाज आला, "अवो, बीपीची गोळी घेतली का?" फोन कट!

डॉक्टरांनी माझा तक्ता वरून खालपर्यंत वाचला. "सगळे गॅसने?"

"सगळे," मी ठामपणे म्हणाले.

"पुन्हा एकदा विचारा," ते म्हणाले. पण यांनी घरी येताच शेंगाचटणीवर तेलाची धार धरली. "आपलं रक्तच चांगलं आहे गं!"

आणि भोगीला आत्या दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत हिरवी काठापदराची साडी. सईची हनुवटी धरून त्यांनी विचारलं, "पोरगा काय करतो?"

"कोणता पोरगा?"

"माझ्यापासनं लपवतीस व्हय? घराण्यातली दुखणी इचारत हुता त्यो! मी समद्यांना बजावून ठेवलंय, तोंड उघडायचं न्हाय. पोरीचं लगीन ठरंस्तोवर आमच्यात कुणाला पडसंबी झालेलं न्हाय!"

सईला ठसका लागला. "आई, माझं लग्न आहे?"

"अहो आत्या, डॉक्टर विचारत होते! यांच्यासाठी."

आत्यांचा हात साडीवरच राहिला. "रव्यासाठी?" त्या खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा जेवून उठला आन् छाती धरून बसला. घाम नुसता. मी त्याला ओवा दिला रं. गॅसच वाटला मला. धाकट्यालाबी तसंच झालं, तवा कळलं. मी बी त्याच ताटातलं खात हुते की. मला कसं काय न्हाय झालं?"

हे त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आत्या, तेव्हा कुणाला माहीत होतं? तुम्ही होतात ना जवळ, तेवढं पुष्कळ झालं त्यांना."

मग जेवायला बसलो तेव्हा यांनी स्वतःहून बाजरीच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा ताटाबाहेर काढला. दहा वेळा सांगून जे मला जमलं नव्हतं, ते ओव्याने जमवलं.

आत्यांनी डोळे पुसले आणि तो गोळा आपल्या भाकरीवर घेतला. "मला चालतंय," त्या म्हणाल्या. "माझं रगात येगळं हाय."

चौघांत खरा तक्ता त्याच दुपारी तयार झाला. यांच्या गोळ्या सुरू झाल्या, तेल मी मोजून देते, आणि लग्न नसल्याचं अक्कलकोटला सर्वांना कळवून झालं. (चुलतदीर अजून आहेराचं विचारतात.)

तक्ता बघून सई तेवढं म्हणाली, "आई, हे सगळं बाबांच्याच बाजूचं. मला निम्मं तुझ्याकडून आलंय. तुझं रक्त कधी तपासायचं?"

"सोमवारी," मी म्हणाले.

साऱ्या घरादाराला दंडाला धरून लॅबमध्ये नेणारी बाई मी, पण सुई दिसली की मी आधी दार शोधते. लॅब आमच्या शुक्रवार पेठेतच, गल्लीच्या तोंडाशी आहे. मी रोज तिच्यासमोरून जाते, फक्त रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने.