डागाखालची वाट

आमच्याकडे पुरुषाला अंडकोषाची सोनोग्राफी बाईकडून करून घ्यायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. दुधनीकडचा तो तरुण मेंढपाळ मला बघून दारातूनच मागे वळला. मी चिडले. म्हटलं, "पाव्हणं, माझ्याकडं नका बघू, वर पंख्याकडं बघा. पण झोपा."

झोपला बिचारा. नुकतंच लग्न झालेलं, मूलबाळ नाही, बायको बाहेर बाकावर. एका बाजूला कडक सूज. कॅन्सर वाटतोय, ती बाजू काढून टाकू, असं सांगून सर्जननी ऑपरेशनचा दिवससुद्धा ठरवला होता. सुजेवर एक काळपट डाग, त्यातून पाणी येत होतं. मेंढराला सूज आली की तापल्या सळीनं डागतात ना, तसं यानं बापाकडून स्वतःलाच डागून घेतलेलं! डाग चिघळलाय, असं सगळ्यांनी धरलं आणि सोडून दिलं.

मी मशीनचा प्रोब सुजेवर ठेवला, पडद्याकडे बघितलं आणि काय सांगू, अंगावर काटाच आला. अंडकोष अगदी ठणठणीत! सूज होती ती अंडकोषाच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, वीर्य वाहणाऱ्या नळीच्या गुंडाळीत, आणि खालच्या टोकाला जास्त. तिथून एक बारीक काळी वाट निघून थेट डागापर्यंत आलेली. म्हणजे जखम बाहेरून आत गेलीच नव्हती, आतला पू बाहेर फुटला होता. टीबीच असणार! छातीत होतो तोच, इथं येऊन बसलेला. खुर्चीवरून उठून नाचावंसं वाटलं मला.

लगेच सर्जनना फोन लावला. सुरी ठेवा बाजूला, आधी सुईनं नमुना घ्या. नुसत्या चित्रावरून एवढी खात्री कशी, असं ते म्हणाले, पण मीही हट्टाला पेटले. नमुन्यात टीबीचे जंतू निघाले तेव्हा मी अख्ख्या सेंटरसाठी भजी मागवली.

त्याला निकाल मीच सांगितला. नेमानं काही महिने गोळ्या घ्यायच्या, कापायचं नाही. मी हसत होते.

तो मात्र हळूच म्हणाला, "अक्का, आजवर लई बोकडं खच्ची केली म्या. धरल्यावर कशी वर बघत्यात, ठावं हाय मला. त्या दिशी पंख्याकडं मी तसंच बघत हुतो."

माझा सगळा दंगा थांबला. बाकावरच्या बायकोला त्यानं स्वतःच आत हाक मारली.