डावीकडची किल्ली

माझा स्वभाव संशयी. भाजीवाल्या भैयाने वाटाणे गोड आहेत म्हटलं, की मी आधी एक शेंग फोडून खाते. त्यामुळे त्या रविवारी आईच्या खेळाची नोंद बघितली, तेव्हा पहिली शंका मला आईचीच आली.

जयपूरच्या आमच्या छोट्या कंपनीत एक जुना कॉम्प्युटर गेम टॅबलेटवर आणायचं काम माझ्याकडे होतं. बंद हवेलीत वस्तू शोधायच्या आणि बाहेर पडायचं, असा खेळ. मूळ गेममध्ये माउसचा बाण वस्तूवर नुसता नेला की तिचं नाव दिसायचं. बोटाला ती सोय नाही. ते काचेला लागलं की खालची वस्तूच झाकून टाकतं. मी तोडगा काढला, बोट दाबून धरलं की नाव बोटाच्या वर उमटेल. माझ्या सहकाऱ्याला ते पटत नव्हतं. "मॅडम, एक बटन लगा दो. दबाओ तो सब चीज़ें चमक जाएँ." मग शोधायचं काय, कपाळ? सोमवारी बॉससमोर निकाल लागणार होता, म्हणून मी घरी आईला खेळायला बसवलं. तिचा प्रत्येक स्पर्श लाल ठिपक्याने नोंदला जात होता.

आई तासभर पहिल्याच खोलीत अडकली. किल्ली दाराच्या डावीकडे खुंटीवर होती, चांगली मोठी. नोंदीत पडद्याच्या उजव्या अर्ध्यात ठिपक्यांची गर्दी, डावीकडे एकही नाही.

सहकारी शेजारच्याच सेक्टरमध्ये राहतो. शुक्रवारी चहाला आला होता आणि "आंटीजी, आंटीजी" करत आईशी बराच वेळ बोलत बसला होता. त्यानेच तिला पढवलं असणार! मी काच तपासली, ती ठीक होती. मग गुपचूप चित्र आरशासारखं उलटं करून किल्ली उजवीकडे आणली. आईने ती लगेच उचलली.

"मघाशी का नाही घेतलीस?"

"मघाशी नव्हतीच."

"त्याने सांगितलं ना तुला, किल्ली घेऊ नका म्हणून?"

"वेडी आहेस का गं?" आई दुखावली. जेवायला येताना तिचा डावा खांदा चौकटीवर आपटला. या घराची दारं अरुंद आहेत, असं ती आठवडाभर म्हणत होती, आणि मी घरमालकाच्या नावाने बोटं मोडत होते.

आईची भाजी संपली, पोळी संपली. ताटात डावीकडे वाढलेली चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड मात्र जशीच्या तशी. लहानपणी डावी बाजू संपवल्याशिवाय ही मला पानावरून उठू देत नसे. रुसली असेल, असं मला वाटलं.

"कोशिंबीर नको का?"

"तू वाढलीसच कुठे?" ती सरळ म्हणाली. चेहऱ्यावर रुसवा नव्हता.

मी हात पुढे करून तिचं ताट अर्धं फिरवलं.

"हां, आत्ता वाढलीस," म्हणत ती कोशिंबीर खाऊ लागली.

मी ज्याच्यावर संशय घेतला होता त्यालाच फोन लावला, कारण गाडी त्याच्याकडे होती. आईला डावीकडचं काहीच कळत नाहीये, हे त्याला सांगताना मला स्वतःची लाज वाटत होती. दहा मिनिटांत तो आला आणि आईच्या डाव्या हाताला उभा राहिला.

"आंटीजी, चलिए, अस्पताल हो आते हैं."

आईने त्याचा आवाज ओळखला, हसली, आणि त्याला उजवीकडे शोधत राहिली.