मेल्यानंतर भरलेली काडतुसं

त्या गॅरेजची घटना आजही आठवली की मी उठून खोलीतला दिवा लावतो, मग भरदुपार का असेना. ॲरिझोनातल्या एका डोंगराळ काउंटीत मी शेरीफच्या खात्यात डिटेक्टिव्ह होतो. नागपूरहून एम.एस. करायला आलेला मुलगा पोलिसात शिरला, हे आमच्या नातेवाइकांना अजून पचलेलं नाही.

खबर हॉस्पिटलमधून आली. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा सीझन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होणार होता आणि रेंजवर नेम जमवताना एकाच्या हातात रायफल फुटली होती. जखमी माणूस चँडलर शहरातला चिप इंजिनियर, आणि मराठी निघाला. डावा हात बँडेजमध्ये होता.

"जय भीम, काका. मी काही वेगळं केलं नाही हो. बॉक्स ओपन केला, रायफल लोड केली, फर्स्ट शॉट, आणि डायरेक्ट ब्लास्ट."

"काडतुसं कुणाची?"

"ज्यांनी मला शिकार शिकवली, त्यांची. पावडर-गोळी घालून घरीच भरायचे, आणि सीझनच्या आधी माझा बॉक्स त्यांच्या पोर्चवर ठेवून द्यायचे. या वर्षीही सवयीने गेलो, तर बॉक्स होता. पण काका, ते या वर्षीच्या स्प्रिंगमध्येच वारले. मला वाटलं, आधीच भरून ठेवलाय."

उरलेली काडतुसं मी टेबलावर मांडली. त्याच्या लिव्हर ओढून चालणाऱ्या रायफलीत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक बसतात. मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकतं. म्हणून तिच्यासाठी चपट्या नाकाचीच गोळी निवडायची. टोकदार निवडली तर बार उडताच धक्क्याने ती पुढच्या काडतुसाचं बूड ठोकते आणि नळीतच भडका होतो. ही सगळी टोकदार होती. डब्यावर अक्षर मात्र शिकार शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं.

म्हातारा अशी चूक झोपेतही करणार नव्हता. म्हणजे कुणीतरी मुद्दाम केलं होतं, आणि माझा संशय सरळ त्याच्या मुलावर गेला. बापाने आपली लाडकी रायफल या परक्याला दिली होती. पोराच्या वाट्याला तसलीच दुसरी, जुनी आली होती. त्यावरून त्याने फ्युनरललाही इंजिनियरशी तोंड उघडलं नव्हतं. त्याचा फोन लागेना. तो शिकारीसाठी डोंगरात गेला होता.

मी म्हाताऱ्याच्या घरी पोहोचलो. त्याच्या बायकोने शांतपणे कॉफी केली.

"काडतुसं तुमच्या मुलाने भरली का?"

"त्याला कुठला एवढा धीर. हाच भरतो."

"हा म्हणजे?"

"माझा नवरा. जेवण झालं की गॅरेजमध्ये बसतो. काडतुसं दाबायच्या प्रेसचा आवाज येतो की मला." तिने एक कप नेऊन गॅरेजच्या दाराशी ठेवला.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. पण अशा वेळी उलटतपासणी केली की माणूस मिटतो. मी एवढंच म्हणालो, "ते कसे भरतात, मला दाखवाल?"

गॅरेजमध्ये जाऊन ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली आणि त्याचा चष्मा तिने डोळ्यांवर चढवला. "बघा, आधी हा पावडर मोजतो." तिचे हात न अडखळता चालले होते. उजव्या खणातून तिने गोळी उचलली, टोकदार, आणि प्रेसचा दांडा खाली ओढला. खट्. तो आवाज ऐकताच तिने मान वर केली.

"ऐकलंत? आला तो."

मी डावा खण उघडला. चपट्या नाकाच्या गोळ्या तिथे धूळ खात पडल्या होत्या. आयुष्यभर शेजारी बसून तिने त्याचे हात पाठ केले होते. कुठल्या रायफलीला कुठली गोळी, हे मात्र तो मनातच ठरवायचा. तिला ते कधी कळलंच नव्हतं. डबे त्याचेच, जुने, म्हणून अक्षरही त्याचंच.

"यांनी बॉक्स कुणाकुणाला दिले?"

"नेहमीच्या दोघांना. एक त्या इंजिनियरला, एक आमच्या मुलाला."

ज्याला मी बेड्या घालायला निघालो होतो, त्याच्याच जिवावर आता बेतलं होतं. फॉरेस्ट रेंजरला वायरलेसवर कळवून मी गाडी डोंगरात घातली.

मुलगा तंबूपुढे बसला होता. मांडीवर उघडा डबा, रायफल रिकामी.

"टोकं बघूनच कळलं, ही बाबांनी भरलेली नाहीत," तो म्हणाला. "आणि अक्षर त्यांचंच."

"आईला विचारायचं ना."

"बाबांनीच भरली असं ती म्हणाली असती तर मी काय करणार होतो?"

इंजिनियरचं मी सांगितलं तेव्हा त्याने डबा बंद करून माझ्या हातात दिला. दुसराही डबा असेल हे त्याला सुचलंच नव्हतं. त्याच रात्री तो माझ्या गाडीतून हॉस्पिटलला आला.

अपघात म्हणून फाइल बंद झाली. इंजिनियरची दोन बोटं गेली, पण त्याने तक्रार केली नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही चौकशीत 'कोणी केलं' हे शेवटी विचारू लागलो. आधी 'कसं केलं' ते दाखवायला सांगायचो. हेतू शोधण्याच्या नादात मी एका निर्दोष माणसाला जवळजवळ गुन्हेगार ठरवलं होतं, आणि प्रेमाने केलेल्या कामातूनही माणूस मरू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे एकदा त्या बाईंना भेटायला गेलो. प्रेस, पावडर, गोळ्या, सगळं मुलाने केव्हाच उचलून नेलं होतं. गॅरेज झाडून रिकामं होतं, दार उघडंच होतं. कॉफी पिता पिता तिने बोट वर केलं.

"ऐकलंत?"

मी हो म्हणालो. घरी आल्यावर बायकोला मात्र सांगितलं, बाईंचं मन राखायला हो म्हणालो.